दिवसाची कवळी, रात्रीच्या हिरड्या

आज थोडा वेळ स्वतःच्या तोंडासाठी ठेवा. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकू द्या, खांदे सैल सोडा. दोन्ही ओठ हलके मिटलेले असू देत. कवळी तोंडात असेल आणि सोयीचं असेल तर काढून पाण्यात ठेवा. अजून व्हायची असेल तरी चालेल. घरातल्या कुणाच्या कवळीची काळजी तुमच्याकडे असेल, तर त्या माणसाला डोळ्यांपुढे आणून वाचा.

सावकाश वाचा. एक भाग संपला की डोळे मिटून चार-सहा श्वास घ्या, मग पुढे या. आज एकच गोष्ट मनात घोळवायची आहे: पूर्ण कवळी घालायला शिकावं लागतं, तसंच ती काढून ठेवायलाही शिकावं लागतं. दिवसा तिला आपली म्हणायचं आणि रात्री निःसंकोच बाजूला ठेवायचं. मापं, घास, शब्द, ब्रश, पाणी हे सगळं या दोन गोष्टींच्या पोटात येतं.

जिभेची फेरी

जिभेचं टोक वरच्या हिरडीच्या उजव्या टोकाला लावा आणि हळूहळू डावीकडे न्या. हिरडी कुठे रुंद लागते, कुठे बारीक. एखाद्या ठिकाणी अजून टोचरं हाड जाणवतं, एखादी जागा अगदी भरून आलेली असते. समोर, हिरडीच्या मागच्या बाजूला टाळूवर बारीक आडव्या वळ्या लागतील. त्यांच्या मागे टाळू गुळगुळीत होतो, आणि आणखी मागे गेलात की मऊ पडतो. आता खाली या. खालची हिरडी अरुंद आहे. दात गेल्यापासून जीभ थोडी पसरली आहे, मोकळ्या झालेल्या जागेत तिने बस्तान मांडलं आहे.

जीभ फिरत असताना मनात जे येईल ते येऊ द्या. कुणाचे दात किडून गेले. कुणाच्या हिरड्यांनीच त्यांना सोडलं, धडधाकट दिसणारे दात एकेक करून हलायला लागले. कुणी वर्षानुवर्षं मिश्री लावली, कुणी तंबाखूची गोळी गालात धरली. कुणाच्या गावातून दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे तालुक्याची एक फेरी आणि एका दिवसाची मजुरी बुडवणं होतं, म्हणून दुखला की काढून टाकला. कुणी मुलांची फी आधी भरली आणि स्वतःच्या दाढेला लवंग लावून वर्षं काढली. ही सगळी कारणं खरी आहेत. आज त्यांचा हिशेब मांडायचा नाही.

तोंडाचं बोळकं झालं, असं लोक सहज म्हणून जातात. ज्याचं झालं त्याला त्या बोलण्याची टोच ठाऊक असते. लग्नाच्या पंगतीत मान खाली घालून वरण-भातच मागणं, फोटो काढताना ओठ घट्ट मिटणं, हसू आलं की हात तोंडावर जाणं. हे तुमच्या बाबतीत घडत असेल तर तेही आज एकदा नीट पाहून घ्या. दात गेले, हे एक नुकसान आहे. नुकसान झालं की वाईट वाटतं, आणि वाटू द्यावं.

थांबा. जीभ जागेवर येऊ द्या. श्वास घ्या.

हाडाचा स्वभाव

आता हिरडीच्या आत असलेल्या हाडाकडे लक्ष न्या. जबड्याच्या हाडाचा हा वरचा भाग दातांना धरून ठेवण्यासाठीच घडलेला असतो. दात असतात तेव्हा प्रत्येक घासाचा दाब मुळाभोवतीच्या बारीक तंतूंमधून त्याला पोचतो आणि ते टिकून राहतं. दात काढला की तंतू जातात, कामही जातं, आणि हाड हळूहळू उतरायला लागतं. पहिल्या वर्षात ते सर्वात जास्त झिजतं. म्हणूनच सगळे दात काढल्यावर जखमा भरेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने थांबायला सांगतात. दात काढले त्याच दिवशी तात्पुरती कवळी बसवली असेल, तर तिचे नियम वेगळे असतात, आणि हाड बसलं की ती लवकरच सैल होते.

टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांच्या हाडांच्या झिजेचा मागोवा पंचवीस वर्षांपर्यंत घेतला आणि १९७२ मध्ये निष्कर्ष मांडला. झीज कधी पूर्ण थांबत नाही, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते. दात नसलेला चेहरा आखूड का दिसतो, हनुवटी नाकाकडे का सरकते, ओठ आत का वळतात, याची कारणं इथेच आहेत.

हे मनात नीट मुरू द्या. ज्या जमिनीवर कवळी बसणार आहे ती जमीन रोज थोडी बदलते आहे. कवळी मात्र ज्या दिवशी घडली त्याच दिवसाच्या मापाची राहते. पाच वर्षांनी ती सैल झाली, तर त्यात डॉक्टरांची चूक असेलच असं नाही, आणि तुमचा निष्काळजीपणाही नाही. शरीर त्याच्या चालीने चाललेलं असतं. म्हणून कवळी एकदा केली आणि काम संपलं असं होत नाही. वर्षातून एकदा तोंड आणि कवळी दोन्ही दाखवायची. सैल झाली तर आतून नवा थर भरून घ्यायचा. साधारण पाच-सात वर्षांनी नवी करण्याचा विचार करायचा.

माप

आता दवाखान्यातली खुर्ची डोळ्यांपुढे आणा. पूर्ण कवळी एका फेरीत होत नाही. साधारण पाच फेऱ्या लागतात, कधी जास्त. प्रत्येक फेरीत तुमच्या तोंडाची एकेक गोष्ट उतरवून घेतली जाते.

पहिल्या मापाला एका साच्यात मऊ लगदा भरून तो हिरडीवर दाबतात. पुष्कळदा हा लगदा अल्जिनेटचा असतो, तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढतात. पाण्यात कालवल्यावर काही मिनिटांत तो घट्ट होतो. या वेळी ओकारी आल्यासारखं होतं, विशेषतः वरच्या मापाला. तेव्हा मान किंचित पुढे झुकवा, नाकाने लांब श्वास घ्या, पायाची बोटं हलवत राहा. आत्ता बसल्या बसल्या एकदा हे करून पाहा. नाकाने श्वास आत. सावकाश बाहेर. घसा मोकळा आहे, हवेची वाट मोकळी आहे. खुर्चीत हे आठवलं की पुरे.

दुसरं माप जास्त बारकाईचं. त्यासाठी तुमच्याच जबड्याच्या मापाचा साचा बनवतात. त्यात झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांची लुकण वापरली, तर तोंडभर लवंगेचा वास भरतो, कारण युजेनॉल हे लवंगेच्या तेलातलंच द्रव्य आहे. ओठांना जरा चुरचुरतं, म्हणून आधी व्हॅसलीन लावून घेतात. डॉक्टर गाल ओढतात, ओठ हलवतात, जीभ बाहेर काढायला सांगतात. हे सगळं कवळीच्या कडा ठरवण्यासाठी असतं. बोलताना, गिळताना गाल आणि जीभ कुठवर येतात, तिथवरच कड असावी. जास्त लांब झाली तर टोचते, आखूड राहिली तर पकड धरत नाही.

खर्चाची काळजी मनात असेल तर तिलाही जागा द्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, तसंच मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, इथे कवळ्या कमी खर्चात होतात. शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली त्या करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठ नागरिकांना द्यायच्या साधनांच्या यादीत चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांच्या जोडीने कवळीही आहे. कवळी म्हणजे म्हातारपणीची हौस, असं घरात कुणी म्हणत असेल तर ही यादी लक्षात ठेवा. चावता येणं हे दिसणं आणि ऐकणं यांच्याच पंगतीत बसवलेलं आहे.

मेणातले दात

पुढच्या फेरीत मेणाच्या जाड कडा तोंडात येतात. डॉक्टर त्या गरम करून कापतात, वाढवतात. तुम्हाला गिळायला सांगतात, "म्म्म" म्हणायला सांगतात, कारण त्या क्षणी जबडा आपसूक त्याच्या स्वाभाविक उंचीवर येतो. ओठांची मध्यरेषा आखतात, हसल्यावर ओठ कुठवर जातो ते पाहतात.

मग एक दिवस मेणात रोवलेले दात तोंडात बसतात. वर चौदा, खाली चौदा. ही फेरी फार महत्त्वाची. या दिवशी घाई करू नका. घरातलं एखादं माणूस सोबत न्या, दात असतानाचा जुना फोटो न्या. आरसा हातात घ्या आणि हसा. आकडे म्हणा: साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. या आकड्यांत "स" आणि "ष" पुन्हा पुन्हा येतात, शिट्टी वाजते का, दात एकमेकांवर आपटतात का, ते लगेच कळतं. "फळ", "वाफ" म्हणून पाहा. वरचे पुढचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेला हलके लागायला हवेत.

दात फार पांढरे वाटत असतील तर सांगा. फार मोठे वाटत असतील, एक किंचित तिरका होता तसाच हवा असेल, तर तेही सांगा. भिडेपोटी गप्प बसायची ही जागा नाही. मेण आहे तोवर दात हलवता येतात. यानंतर ते मेण गरम पाण्याने वितळवून काढतात आणि त्याच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा गोळा भरतात. साचा गरम पाण्यात तासन् तास ठेवतात. एका प्रचलित पद्धतीत सुमारे ७४ अंश सेल्सिअसला आठ तास किंवा त्याहून जास्त. अ‍ॅक्रिलिक या कामात १९३० च्या दशकात आलं. त्याआधी जवळपास पाऊण शतक कडक केलेलं रबर वापरत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत तर हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दातही होते, आणि वरची-खालची बाजू स्प्रिंगने जोडलेली असे. १७८९ मध्ये त्यांनी शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता.

हे मनात आणताना त्या अनोळखी हातांची जाणीव ठेवा. प्रयोगशाळेत कुणीतरी तुमच्या हिरडीच्या साच्यावर वाकून एकेक दात बसवला, घासला, चकाकवला. तुम्ही त्याला कधी भेटणार नाही, पण तुमचा प्रत्येक घास त्याच्या कामावर चालेल.

ओलाव्याची पकड

आता कवळी तोंडात आहे असं समजा. ती कशाने धरली आहे? वर ना खिळा आहे ना गोंद. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सहज सुटत नाहीत, तसा कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो. तो थर आणि कडेने झालेला हवाबंद मिलाफ यांवर वरची कवळी टिकते. पकड धरण्याचं काम तुमच्याच लाळेचं आहे. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मग चांगली बेतलेली कवळीही सुटते. असं होत असेल तर डॉक्टरांना सांगा, घोट घोट पाणी पीत राहा.

खालच्या कवळीचं वेगळं आहे. तिला बसायला जागा वरच्यापेक्षा जवळपास निम्मी, आणि मध्ये सतत हलणारी जीभ. म्हणून खालची सैल वाटते, बोलताना उचलते. तिला धरायला जीभ आणि गाल शिकतात. जिभेचं टोक पुढच्या खालच्या दातांना मागून हलकं टेकवून ठेवायचं. आत्ता करून पाहा. जीभ मागे ओढू नका, खाली सपाट पसरू द्या, टोक पुढे. दिवसातून अनेकदा जिभेला या जागेची आठवण द्या. काही आठवड्यांत ती स्वतःच तिथे जाऊ लागेल.

हिरडी फारच झिजली असेल तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे खुंट, बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं. खर्च मोठा आहे, सगळ्यांना झेपणारा नाही. पण खालची कवळी काही केल्या बसत नसेल तर दोष तुमच्या सवयीत आहे असं मानून कुढू नका. विचारून घ्या.

पहिले घास

नवी कवळी तोंडात आली की तोंडाला ती खाण्याचा पदार्थ वाटते. लाळ सुटते, घास घेतल्यासारखं होतं, शब्द अडखळतात. हे काही दिवसांत ओसरतं. मोठ्याने वाचा. रोजचं वर्तमानपत्र, पाठ असलेलं एखादं स्तोत्र, नातवाच्या पुस्तकातला धडा. जो शब्द अडतो तो परत म्हणा.

खाण्याची वाट पायरीपायरीने चढायची. आधी मऊ भात, मेतकूट, खिमट, पिठलं. मग कुस्करलेली भाकरी, शिजलेली तोंडली, पोळीचे छोटे तुकडे. घास लहान घ्या आणि त्याचे दोन भाग करून दोन्ही बाजूंना ठेवा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. पेरू असेल तर फोडी करा, भाकरी हाताने मोडा. चावण्याचा जोर पहिल्यासारखा येणार नाही. नैसर्गिक दातांच्या तुलनेत चौथा-पाचवा हिस्सा मिळाला तरी चांगलं म्हणायचं. म्हणून जेवणाला जास्त वेळ द्या. बाकीचे उठले तरी तुम्ही बसा. घरच्यांनीही कुणाला तरी शेवटपर्यंत सोबत बसवावं.

एका बाबतीत सावध राहा. टाळू झाकला गेला की चव बरीचशी शाबूत राहते, कारण चवीचं मुख्य काम जिभेचं. पण उष्णता आणि टोक टाळूला कळत नाही. चहा घशाशी गेल्यावर कळतं की तो फार कढत होता. कोकणात आणि गोव्यात रोजचा मासा खाणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. कवळी असलेल्या तोंडाला काटा लागत नाही, तो थेट घशात जातो. काटे बोटांनी काढूनच घास घ्या. दिवा लख्ख असू द्या, जेवताना गप्पा कमी.

एक घास मनात घ्या. मऊ भाताचा. दोन्ही बाजूंना सारखा. वर-खाली चावा. गिळा. बस, आज एवढंच.

दुखणं

नव्या कवळीने कुठेतरी टोचतं, लाल होतं, फोड येतो. हे बहुतेकांना होतं. ठरलेल्या तारखेला दाखवायला जा. फार दुखत असेल तर मधल्या दिवसांत कवळी काढून ठेवा, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, पण जायच्या आदल्या दिवसापासून परत घाला. जखमेची जागा ताजी असेल तरच डॉक्टरांना कळतं की कवळी नेमकी कुठे घासायची. घरी कानस, सुरी, काचेचा कागद हातात घेऊ नका. तुटली तर झटपट चिकटणारा गोंद लावू नका. सगळे तुकडे डबीत घालून घेऊन जा.

सोसण्याचं आणि दाखवण्याचं दुखणं वेगळं ओळखा. सवय व्हायला लागणारा अवघडलेपणा सोसावा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, हे सोसायचं नाही. तंबाखू-मिश्रीची सवय होती किंवा आहे, त्यांनी तर एक दिवसही लांबणीवर टाकू नये. मधुमेह असणाऱ्यांच्या जखमा हळू भरतात आणि बुरशीही लवकर धरते. दात नाहीत म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाण्याचं कारण संपत नाही.

बेसिनपाशी

आता रात्रीचं जेवण झालं आहे. बेसिनपाशी उभे राहा. आधी बेसिनमध्ये थोडं पाणी भरा किंवा तळाशी घडी घातलेला टॉवेल ठेवा. ओली कवळी हातातून निसटते, आणि नुसत्या बेसिनवर पडली तर तिचे दोन तुकडे होतात. खालची पातळ असते, म्हणून तिला मुठीत आवळून धरू नका.

आधी नळाखाली धुवा. आता मऊ ब्रश आणि साधा सौम्य साबण घ्या. टूथपेस्ट नको, राखुंडी नको, मिश्री तर नकोच. त्यांनी अ‍ॅक्रिलिकवर बारीक ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत जंतू घर करतात. बाहेरची बाजू सगळेच घासतात. तुम्ही कवळी उलटी करा. हिरडीवर बसणारी आतली बाजू पाहा. तुमच्या टाळूवरच्या वळ्या तिथे उलट्या उमटलेल्या आहेत, त्यांच्या खाचांत दाण्याचं कूट, तिळाचा कण, पेरूची बी अडकलेली असते. मागच्या दाढांच्या बाजूला बोट फिरवा. जिथे बुळबुळीत लागतं तिथे अजून काम बाकी आहे. जिथे बोट स्वच्छ कुरकुरतं तिथे झालं.

पाणी कोमट किंवा गार असू दे. कढत नको. उष्णतेनेच तिला आकार आला होता, उष्णतेनेच तो बिघडतो. साफ करण्याची गोळी वापरत असाल तर ती पाण्याच्या भांड्यातच टाका, तोंडात कधीही नाही, आणि सकाळी घालण्यापूर्वी कवळी खळखळून धुवा.

मग स्वतःचं तोंड. ओलं मऊ कापड बोटाला गुंडाळा आणि हिरड्या, टाळू, जीभ हलक्या हाताने पुसा. दिवसभर ज्यांनी भार वाहिला त्या हिरड्यांना आत्ता रक्त खेळायला मिळतं. त्या उबदार स्पर्शाकडे लक्ष द्या.

रात्र

आता सर्वात अवघड भाग. कवळी डबीत ठेवायची. डबीत स्वच्छ पाणी, वर झाकण. कोरडी राहिली तर तिचा आकार किंचित बदलतो, म्हणून पाणी हवं, आणि ते रोज ताजं हवं. कागदात किंवा रुमालात गुंडाळून ठेवू नका, कचऱ्यात जाते. कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशा ठिकाणी नको.

पुष्कळ जण हे करत नाहीत. झोपतानाही कवळी तोंडातच ठेवतात. काहींना नवऱ्यासमोर किंवा बायकोसमोर बोळक्या तोंडाने दिसायचं नसतं. काहींना रात्री काही झालं तर लोक आपल्याला असं पाहतील ही धास्ती असते. ही भीती खोटी नाही. तिला थोडा वेळ जवळ बसू द्या.

आणि मग हेही शेजारी ठेवा. चोवीस तास झाकलेल्या टाळूवर कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते, टाळू लालभडक होतो, पुष्कळदा दुखतही नाही म्हणून कळत नाही. ओठांचे कोपरे चिरतात. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. कवळीवरचे जंतू झोपेत श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतात, हे त्याचं एक संभाव्य कारण. रात्री कवळी काढणं म्हणजे छाती जपणं आहे, हे म्हाताऱ्या माणसाच्या घरात सगळ्यांना माहीत हवं. तात्पुरत्या कवळीबद्दल डॉक्टरांनी पहिल्या रात्रीपुरतं वेगळं सांगितलं असेल तर तेवढं पाळा. एरवी सहा ते आठ तास हिरड्या उघड्या राहू देत.

दिवसा जी वस्तू आपल्याला चावायला, बोलायला, हसायला बळ देते, ती काढल्यावर आपण कमी होत नाही. ज्या तोंडाने आयुष्यभर घरातल्यांना हाका मारल्या ते तोंड हेच आहे. हे वाक्य मनात दोनदा म्हणा.

घरातली माणसं

शेवटी जवळची माणसं आठवा. त्यांना काय माहीत असायला हवं? कवळीची डबी कुठे असते. भूल देण्याआधी ती काढायची असते, शुद्ध गेली तर शक्य असल्यास आधी तोंडातून काढायची असते. दवाखान्यात ती उशीखाली नव्हे, नाव लिहिलेल्या डबीत राहते. कवळीवरच आतून नाव घालून देता येतं, नवी करताना तसं सांगता येतं. आजारपणाने स्वतः हात हलवता येत नसेल तर रोज रात्री कुणीतरी ती काढून धुवायला हवी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आंघोळ घालणारे कितीतरी हात असतात, पण त्याच्या टाळूकडे पाहायचं राहून जातं.

तरुणांनो, डबीकडे पाहून नाक मुरडू नका. मुलांनी विचारलं तर सरळ सांगा: आजीचे दात रात्री पाण्यात राहतात, कारण तिच्या हिरड्यांना आराम हवा असतो. लहान मुलाला एवढं उत्तर पुरतं.

आणि तुम्ही, ज्यांच्या तोंडात कवळी आहे किंवा येणार आहे, आज रात्री घरात मोठ्याने एक वाक्य बोला: "मी झोपताना कवळी काढून ठेवते," किंवा "ठेवतो." सोबतच्या माणसाला ऐकू जाईल असं बोला. एकदा बोलून झालं की लपवण्याचं काम संपतं, आणि लपवण्यात जी ताकद जात होती ती चावायला, बोलायला, हसायला मोकळी होते. मागच्या वर्षभरात डॉक्टरांना दाखवलं नसेल तर उद्या फोन करून वेळ घ्या.